ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले कसे?

प्रश्न : माझ्या वडिलांना व्हॉट्सॲपवर गाडीच्या दंडाचं चलन आलं. त्यांनी ते उघडलं आणि त्याच दिवशी खात्यातली रक्कम गेली. ओटीपी किंवा पिन कुणालाही सांगितला नाही, असं ते शपथेवर सांगतात. मग हे घडलं कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वडील खरंच सांगत असणार. या प्रकारात ओटीपी कुणाला सांगावाच लागत नाही.

चलन म्हणून आलेल्या फाइलचं नाव पुन्हा नीट पाहा. शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरं असतील, तर ते चलन नव्हतं, ॲप होतं. अशी फाइल उघडली की अँड्रॉइड फोन आधी इशारा देतो : हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलं आहे. पाठोपाठ ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं. दंडाच्या धास्तीने माणूस दोन्हीकडे ‘अलाउ’ दाबून मोकळा होतो. तिथून पुढे बँकेचा प्रत्येक एसएमएस, ओटीपीसकट, परस्पर भामट्याकडे जातो. दंड भरून घेण्याच्या निमित्ताने हेच ॲप कार्डाचा तपशीलही काढून घेतं. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी एवढ्यावर यूपीआयचा पिन नव्याने ठरवता येतो. मग जुना पिन जिवापाड जपूनही उपयोग होत नाही.

फाइल ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून विश्वास ठेवू नका. असं ॲप बसलेल्या फोनवरून तीच फाइल मालकाच्या नकळत इतरांना जाऊ शकते. लग्नपत्रिका, वीजबिल, केवायसी अशा नावांनीही ती येते. चलनाची शंका असेल, तर वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाकून पाहावा.

आता तातडीचं. वडिलांच्या फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवा, कार्ड व यूपीआय बंद करून घ्या. मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. तक्रार नोंदवून झाल्यावर फोन फॅक्टरी रीसेट करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेने सोसायचं असतं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

आणि वडिलांवर रागावू नका. घरच्यांच्या बोलण्याच्या भीतीने अनेक ज्येष्ठ गप्प बसतात आणि तेवढ्या वेळात पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकतात. आज त्यांच्या शेजारी बसून १९३० लावून द्या.