संगणकावर दोन लिपी

आपल्या शाळेचे भित्तिपत्रक तुम्ही वाचता. त्यात उर्दू मजकूर उजवीकडून सुरू होतो आणि मराठी मजकूर डावीकडून. असे भित्तिपत्रक संगणकावर तयार करायचे असेल, तर संगणक आधी दोन्ही लिपींसाठी सज्ज करावा लागतो.

पूर्वी उर्दू छपाई फार कष्टाची होती. देवनागरी अक्षरे शिशाच्या खिळ्यांनी जुळवत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे तर दूरवर नावाजलेले होते. उर्दूची नस्तालीक लिपी मात्र खिळ्यांत बसेना. तिच्यात शेजारच्या अक्षराप्रमाणे अक्षराचा आकार बदलतो आणि शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातो. म्हणून अख्खे वर्तमानपत्र कातिब हाताने लिहीत. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हजारो अक्षरजोडण्यांतून यंत्रासाठी 'नूरी नस्तालीक' तयार झाली आणि लाहोरचे 'जंग' हे दैनिक त्या अक्षरांत निघाले. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीचे 'इनपेज' आले. मग साध्या संगणकावरही उर्दू पाने जुळू लागली.

तरी एक अडचण होती. प्रत्येक फॉन्टचे सांकेतिक क्रमांक वेगळे असत. एका संगणकावर लिहिलेला निबंध दुसऱ्यावर उघडला, की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसत! १९९१ पासून 'युनिकोड' ही पद्धत आली. तिच्यात मराठी 'क' चा क्रमांक २३२५ आणि उर्दू 'काफ'चा १७०५. जगात कोठेही जा, तो बदलत नाही. आपल्या उपनगरातल्या पवईच्या आय. आय. टी. मध्ये शिकवणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट रेखाटला. तो विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचला.

आता कामाला लागू. संगणकाच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी आणि उर्दू जोडा. उर्दूऐवजी अरबी कळफलक निवडू नका. त्यात टे, डाल आणि बडी ये सापडणार नाहीत. मराठीसाठी 'इनस्क्रिप्ट' कळफलक घ्या. काही जण इंग्रजी स्पेलिंग लिहून मराठी अक्षरे उमटवतात. ते सोपे वाटते, पण त्याने शुद्धलेखन पक्के होत नाही, असे मला वाटते. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. 'मित्र' लिहिताना म, ऱ्हस्व वेलांटी, त, पाय मोडण्याची खूण आणि र अशा क्रमाने कळा दाबा. वेलांटी दिसते आधी, पण दाबायची नंतर!

'दर्या' म्हणजे समुद्र. हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्या शब्दात साधा र दाबा, दुसऱ्यात शिफ्टबरोबर र. एवढ्या फरकाने समुद्राच्या जागी डोंगर येतो.

पाने जुळवण्यासाठी 'लिब्रेऑफिस' विनामूल्य मिळते. मराठीला 'मुक्त' आणि उर्दूला 'नोटो नस्तालीक उर्दू' हे फॉन्ट घ्या. तेही विनामूल्य आहेत. उर्दू परिच्छेद नुसता उजवीकडे सरकवू नका. त्याची दिशाच 'उजवीकडून डावीकडे' करा, नाहीतर शेवटचे उद्गारचिन्ह वाक्याच्या आरंभी जाऊन बसेल. नस्तालीकचे शब्द उतरते असल्यामुळे दोन ओळींत मराठीपेक्षा जास्त अंतर ठेवा.

छापायला नेताना फाइल पीडीएफ करून न्या. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो. तसे केले नाही आणि दुकानातल्या संगणकावर नस्तालीक नसली, तर तुमचा उर्दू मजकूर साध्या नस्ख वळणात छापून येईल आणि जुळवलेल्या ओळी विस्कटतील.