होकारार्थी आज्ञार्थ : नियमित रूपे आणि आदरभेद

मराठी व्याकरणग्रंथांत आज्ञार्थाचे विवेचन बहुधा रूपावलीपाशीच थांबते. ‘करू, कर, करो, करू, करा, करोत’ ही ऊ-आख्याताची सहा रूपे दिली की विषय संपला, असा समज दिसतो. वस्तुतः आज्ञा ही समोरच्या व्यक्तीला उद्देशून असल्यामुळे तिच्यात आदराचा प्रश्न अटळपणे उद्भवतो. हा आदर क्रियापदाच्या कोणत्या रूपातून व्यक्त होतो, हे स्पॅनिशसारख्या दूरच्या भाषेशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते.

स्पॅनिशमध्ये नियमित धातूंचे आर, एर आणि इर असे तीन गण आहेत. ‘आब्लार’ (बोलणे), ‘कोमेर’ (खाणे) व ‘एस्क्रिबिर’ (लिहिणे) ही त्यांची उदाहरणे. ‘तू’ला उद्देशून होकारार्थी आज्ञा ‘आब्ला’, ‘कोमे’, ‘एस्क्रिबे’ अशी होते. वर्तमानकाळातील तृतीयपुरुषी एकवचनाचे रूपही हेच. आदरार्थी ‘उस्तेद’साठी मात्र स्वर पालटतो : ‘आब्ले’, ‘कोमा’, ‘एस्क्रिबा’. ही रूपे आज्ञार्थाची नसून संभावनार्थाची आहेत, आणि तीही तृतीयपुरुषी. ‘उस्तेद’ हा शब्दच ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा संक्षेप असल्याने तृतीय पुरुष साहजिक ठरतो. अनेकांना ‘आब्लेन’, ‘कोमान’, ‘एस्क्रिबान’. स्पेनमध्ये जवळिकीच्या अनेकवचनासाठी ‘आब्लाद’, ‘कोमेद’, ‘एस्क्रिबिद’. मराठीभाषक विद्यार्थी अडतो तो येथेच. त्याच्या एका ‘बोला’साठी त्याला तीन रूपांतून निवड करावी लागते. (नकारार्थी आज्ञेत स्पॅनिश ‘तू’लाही संभावनार्थच लावते, म्हणून प्रस्तुत विवेचन होकारापुरते मर्यादित आहे.)

मराठीने आदर संभावनार्थाकडून न घेता वचनाकडून घेतला. ‘बस’ हा नुसता धातू, ‘बसा’ हे अनेकवचन आणि तेच आदरार्थी. या दोन पद्धती एकमेकींशेजारी ऐकायच्या असतील, तर अंधेरी किंवा बोरिवली स्थानकाच्या फलाटावर उभे राहणे पुरे. मराठी उद्घोषणा ‘कृपया लक्ष द्या’ म्हणते, हिंदी ‘कृपया ध्यान दें’ म्हणते. ‘द्या’ हे आज्ञार्थाचे अनेकवचन, तर ‘दें’ हे संभावनार्थी रूप. आज्ञेच्या बाबतीत हिंदी येथे मराठीपेक्षा स्पॅनिशच्या निकट आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. मराठीतही ती वाट अगदीच अपरिचित नाही. ‘आपण बसावे’ हा वाख्यातातील विध्यर्थ त्याच जातीचा, परंतु तो समारंभापुरता व लेखनापुरता उरला आहे.

वचनावर विसंबण्याची एक किंमत मराठीला मोजावी लागते. अनेकवचनाचा ‘आ’ स्वरान्त धातूंना लागताना संधी होतो : दे-द्या, घे-घ्या, पी-प्या, धू-धुवा. परंतु धातूच आकारान्त असेल तर ‘आ’ त्यात विरून जातो. ‘तू जा’ आणि ‘तुम्ही जा’, ‘तू खा’ आणि ‘तुम्ही खा’ यांत क्रियापद एकच. आदराचा सारा भार सर्वनामावर पडतो, आणि आज्ञेत सर्वनाम तर बहुधा गाळलेलेच असते.

कोल्हापूर-सातारा भागातील बोलींनी ही उणीव ‘जावा’, ‘खावा’ या रूपांनी भरून काढली आहे. घाटावरून येऊन घाटकोपर-मुलुंड परिसरात स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या बोलण्यात ती आजही ऐकू येतात, आणि वर्गात ती अशुद्ध म्हणून खोडली जातात. हा निवाडा शास्त्राला धरून नाही. ‘धुवा’मध्ये ‘व’ येतो तो दोन स्वरांच्या मध्ये. ‘जावा’मध्येही तो तेथेच येतो. पहिला शिष्ट आणि दुसरा ग्राम्य, हा भेद व्याकरणाचा नसून प्रतिष्ठेचा आहे. आर्जेंटिनातील स्पॅनिशने ‘वोस’ या सर्वनामासोबत अशीच वाट धरली : प्रमाण स्पॅनिशमधील ‘आस’ (कर), ‘पोन’ (ठेव) या अनियमित आज्ञांऐवजी तेथे ‘आसे’, ‘पोने’ ही नियमित रूपे चालतात. मात्र तेथे सुशिक्षितही ती निःसंकोच वापरतात. ‘तुम्ही जावा’ म्हणणारा विद्यार्थी नियम मोडत नसतो. प्रमाणभाषेने आकारान्त धातूंपाशी सोडून दिलेला नियम तो पुढे चालवीत असतो.