ओट्याखाली कपाट, वर कडप्पा : स्वयंपाकघराचा खर्च कसा बसवावा

लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावात घर बांधताना पैसा आधी स्लॅबला, मग फरशीला जातो आणि स्वयंपाकघराची पाळी सर्वांत शेवटी येते. हातात थोडी रक्कम उरलेली असते आणि सुतार विचारतो, ‘वर-खाली सगळं बंद करायचं, की वर फळ्या ठेवायच्या?’ बहुतेक घरांसाठी याचं उत्तर एकच आहे : ओट्याखाली बंद, ओट्यावर मोजकं उघडं आणि पैसा आधी ओट्याखाली.

आधी सामान मोजा

आपल्याकडे वर्षाचे गहू, बाजरी, डाळी आणि उन्हाळ्यातल्या पापड-कुरडया घरात भरून ठेवतात. कोठ्या आणि मोठे डबे कोणत्याही मॉड्युलर कपाटात मावत नाहीत. त्यांच्यासाठी कोपऱ्यात जागा सोडा आणि ती कोटेशनमध्ये धरू नका.

उरलेल्या भांड्यांसाठी साधा नियम ठेवा. जे रोज घासलं जातं ते उघड्यावर, जे आठवड्यातून एकदा लागतं ते बंद कपाटात. कापूस-मक्याच्या हंगामात रस्त्यावरची धूळ घरात येते, फोडणीच्या वाफेतलं तेल तिला धरून ठेवतं आणि न हलणाऱ्या डब्यावर चिकट थर बसतो. म्हणून शेगडीच्या डोक्यावर उघडी फळी नको. ती सिंकच्या बाजूला घ्या. एक्झॉस्ट फॅन मात्र कपाटांच्या आधी बसवा.

साहित्य कोणतं?

कडप्प्याला वाळवी लागत नाही, तो पाण्याने फुगत नाही. गवंडी भिंतीत खाच घेऊन तो पक्का बसवतो. दर अडीच-तीन फुटांवर मात्र आधार हवा.

प्लायवूड घ्यायचं तर ओट्याखाली ‘आयएस ७१०’ शिक्क्याचं मरीन प्लाय मागा. त्याच्या चिकटपणाची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. ‘कमर्शियल’ नावाने मिळणारं स्वस्त प्लाय दमटपणापुरतं ठीक, पण सिंकखाली ते टिकत नाही. साधा एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाण्याजवळ वापरूच नका. शीटवरच्या आयएसआय शिक्क्याजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून दुकानातच तपासता येतो.

वाळवीसाठी भिंतीला औषध मारून घ्या आणि प्लायचा सांगाडा थेट जमिनीवर न टेकवता चार इंची पीव्हीसी पायांवर उभा करा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल, तर ट्रॉली ३०४ ग्रेडच्या स्टीलची घ्या. हलक्या स्टीलवर गंजाचे डाग लवकर येतात.

दहा फुटी ओट्याचा हिशेब

ओट्याखाली अडीच फूट उंची म्हणजे समोरून २५ चौरस फूट. वर दोन फूट उंचीची कपाटं म्हणजे २० चौरस फूट. खालचे दर अंदाजाचे आहेत. आपल्या सुताराचा दर त्या जागी घालून गणित पुन्हा करा.

१. *वर-खाली दोन्ही बंद, मरीन प्लाय आणि सनमायका* : ४५ चौरस फूट, दर १,२०० ते १,८०० रुपये. एकूण ५४,००० ते ८१,०००.

२. *खाली प्लायचं बंद, वर एक फुटी कडप्प्याच्या दोन फळ्या* : खाली ३०,००० ते ४५,०००. वर २० चौरस फूट कडप्पा, बसवणुकीसह १५० ते २५० रुपयांनी ३,००० ते ५,०००. एकूण ३३,००० ते ५०,०००.

३. *खाली कडप्प्याचे कप्पे, त्यांना फक्त शटर, वर कडप्प्याच्या फळ्या* : उभ्या पाट्या आणि मधली फळी मिळून सुमारे ४० चौरस फूट कडप्पा, ६,००० ते १०,०००. शटर २५ चौरस फूट, ५०० ते ८०० रुपयांनी १२,५०० ते २०,०००. वरच्या फळ्या ३,००० ते ५,०००. एकूण २१,५०० ते ३५,०००.

ट्रॉल्यांचा खर्च यात नाही. सगळीकडे ट्रॉली लागत नाही. ताट-वाट्या, चमचे आणि मसाले यांच्यापुरत्या दोन-तीन पुरतात.

कोटेशन घेताना

दर समोरच्या चौरस फुटाचा की रनिंग फुटाचा, हे लिहून घ्या. बिजागऱ्या, चॅनल, हँडल आणि आतल्या बाजूचा सनमायका दरात धरलाय का, तेही विचारा. जीएसटीचा प्रश्न विसरू नका. ६०,००० च्या कामावर १८ टक्के म्हणजे १०,८०० रुपये वाढतात. छत्रपती संभाजीनगरहून माल आणणार असाल, तर छोट्या हत्तीचं भाडं आणि चढ-उतार कोणाकडे, हे आधी ठरवा. गावातल्या सुताराचा मोठा फायदा असा, की वर्षभराने शटर खाली बसलं तर तो येऊन बिजागरी नीट करतो.

पैसे टप्प्याने द्या. थोडी रक्कम सगळी शटरं उघडून-मिटून पाहीपर्यंत राखून ठेवा. पक्कं बिल घ्याच. काम फसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

दोन गोष्टींत काटकसर नको

सिलिंडर ओट्याखाली ठेवत असाल, तर त्या शटरला तळाशी जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खालीच साठतो. दुसरी गोष्ट उंचीची. ओटा आणि वरची फळी किती उंच, हे घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला उभं करून, तिचा हात कुठवर सहज पोचतो ते पाहून ठरवा.

बजेट तंग असेल तर तिसरा पर्याय निवडा. कडप्प्याचे कप्पे आज बांधून घेतले, तर शटर पुढच्या हंगामातही लावता येतील. स्वस्त प्लायचं संपूर्ण बंद स्वयंपाकघर हा मात्र सर्वांत महाग सौदा आहे, कारण सिंकखालचं प्लाय फुगलं की तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.