रास्टर प्रतिमांचे रिसॅम्पलिंग : पद्धत कोणती निवडावी?

द्वितीय वर्ष बी. ए. (भूगोल)

उपग्रहाने टिपलेली प्रतिमा म्हणजे सारख्या घरांचा एक पट असतो. प्रत्येक घरात एक आकडा असतो. तो उंचीचा असेल, तापमानाचा असेल किंवा जमिनीच्या प्रकाराचा असेल. अशा प्रतिमेस रास्टर म्हणतात. दोन रास्टर एकमेकांवर ठेवून अभ्यास करावयाचा, तर त्यांची घरे तंतोतंत जुळावी लागतात. पण एकाचे घर १० मीटरचे, तर दुसऱ्याचे ३० मीटरचे असते. शिवाय अक्षांश-रेखांशांवरील प्रतिमा मीटरच्या जाळ्यावर आणली, की जुनी घरे तिरपी पडतात. मग नव्या घरात कोणता आकडा भरावयाचा? या क्रियेस रिसॅम्पलिंग म्हणतात. तिच्या तीन पद्धती प्रमुख आहेत.

पहिली 'नीअरेस्ट नेबर'. नव्या घराच्या मध्याला जे जुने घर सर्वांत जवळचे, त्याचा आकडा जसाच्या तसा उचलावयाचा. दुसरी 'बायलिनिअर'. यात जवळच्या चार घरांची सरासरी काढतात. जे घर जवळ त्याला वजन अधिक. तिसरी 'क्युबिक कन्व्होल्यूशन'. यात सोळा घरांचा विचार होतो.

उदाहरण घेऊ. चार घरांतील उंची वरच्या ओळीत ६१० व ६२० आणि खालच्या ओळीत ६३० व ६४० मीटर आहे. नवा मध्य ६१० च्या मध्यापासून पाव घर उजवीकडे व पाव घर खाली आहे. पहिली पद्धत ६१० देईल, दुसरी ६१७.५ देईल. उंची सलग बदलत असल्याने येथे दुसरे उत्तर अधिक योग्य. पहिल्या पद्धतीने उतारावर खोट्या पायऱ्या पडतात. क्युबिकने प्रतिमा डोळ्यांना रेखीव दिसते. मात्र कड्याजवळ मूळ आकड्यांपेक्षा जास्त वा कमी उंची निघू शकते.

आता जमिनीच्या प्रकारांचा नकाशा पाहू. युरोपीय अवकाश संस्थेच्या २०२० सालच्या 'वर्ल्डकव्हर' या १० मीटरच्या नकाशात ४० म्हणजे पिकाखालील जमीन, ८० म्हणजे कायमचे पाणी आणि ६० म्हणजे उघडी किंवा विरळ वनस्पतींची जमीन. पैठणच्या नाथसागराच्या काठी दोन घरे ८० ची व दोन ४० ची असली आणि नवा मध्य बरोबर त्यांच्या मधोमध आला, तर बायलिनिअर पद्धत ६० देईल. म्हणजे पाणी आणि पीक यांच्यामध्ये उजाड जमीन उगवेल! येथे आकडा हे माप नसून केवळ नाव आहे, आणि नावांची सरासरी निघत नाही. अशा नकाशास नीअरेस्ट नेबरच हवी.

घरे लहानाची मोठी करताना आणखी एक दक्षता घ्यावी. १० मीटरची नऊ घरे मिळून ३० मीटरचे एक घर होते. तेव्हा नीअरेस्ट नेबर नवांपैकी एकाचेच ऐकते. म्हणून उंचीसाठी नवांची सरासरी घ्यावी आणि प्रकारांसाठी बहुमत. बहुमतातही लहान तळी पुसली जातात, हे ध्यानात ठेवावे. तसेच प्रत्येक वेळी मूळ प्रतिमेवरूनच काम करावे. रिसॅम्पल केलेल्या प्रतिमेचे पुन्हा रिसॅम्पलिंग केल्यास दोष साचत जातात.

सारांश, पद्धत निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : हा आकडा माप आहे की नाव? संगणक हा प्रश्न आपणहून विचारीलच असे नाही. तो सांगितलेली सरासरी मुकाट्याने काढून देतो. पण त्या नकाशावरून कोणी लागवडीचे क्षेत्र मोजले, तर कोणाचे तरी पिकते शेत कागदावर उजाड ठरते. म्हणून हा निर्णय अभ्यासकानेच विचारपूर्वक घेतला पाहिजे.