प्रिंटरची वर्णन-फाईल : वाचन आणि दुरुस्ती

संगणकाच्या पडद्यावर मजकूर अगदी नीटनेटका दिसतो. छापायला दिला की मात्र ओळींची टोके कापली जातात, किंवा प्रिंटरचा दिवा लुकलुकत राहतो आणि कागद बाहेरच येत नाही. अशा वेळी आपण यंत्राला दोष देतो. पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, त्या यंत्राच्या वर्णनाचा असतो. हे वर्णन एका साध्या फाईलमध्ये लिहिलेले असते. ती कशी वाचावी व कोठवर सुधारावी, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्णनाची गरज

पानाचे वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट ही भाषा अ‍ॅडोबी कंपनीने १९८४ मध्ये आणली. भाषा एकच, पण ती समजणारी यंत्रे नाना प्रकारची. एकाला कागदाचे दोन ट्रे, दुसऱ्याला एकच. एक दोन्ही बाजूंनी छापते, दुसरे एकाच. हे भेद सांगण्यासाठी प्रत्येक प्रिंटरची वर्णन-फाईल निघू लागली. तिला ‘पीपीडी’ म्हणतात. तिच्या नियमांची ४.३ ही आवृत्ती १९९६ ची आहे. पुढे १९९९ मध्ये आलेल्या ‘कप्स’ या छपाई-प्रणालीने पोस्टस्क्रिप्ट न समजणाऱ्या प्रिंटरांसाठीही हीच पद्धत स्वीकारली. लिनक्स व मॅक संगणकांवर कप्स वापरली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणकातला ड्रायव्हर पर्यायांची यादी मांडताना या वर्णनावर विसंबतो. वर्णनात जे नाही ते त्याच्या लेखी यंत्रातही नाही.

फाईलचे व्याकरण

फाईल उघडली की तारकाचिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात. पर्यायाच्या ओळीचे चार भाग असतात. प्रथम मुख्य शब्द, उदाहरणार्थ ‘पेजसाईझ’. मग पर्यायाचे नाव, जसे ‘ए-फोर’. त्यापुढे तिरपी रेघ व माणसाने वाचायचे नाव. शेवटी, विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर, अवतरणचिन्हांत यंत्राला द्यायची आज्ञा. मापे पॉइंटमध्ये असतात. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. ए-फोर कागद ५९५ × ८४२ पॉइंट भरतो, तर अमेरिकेत रूढ असलेला ‘लेटर’ ६१२ × ७९२.

तीन उपयुक्त दुरुस्त्या

पहिली दुरुस्ती गृहीत मापाची. कित्येक फायलींत काही न निवडल्यास ‘लेटर’ धरावा, असे लिहिलेले असते. आपल्या ट्रेमध्ये असतो ए-फोर. तो लेटरपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर अरुंद व १८ मिलिमीटर उंच आहे. मग काही यंत्रे लेटर कागदाची वाट पाहत थांबतात, तर काही छापतात. पण उजवा समास बेताचा असेल तर अक्षरे जातात. हे गृहीत माप फाईलमध्ये चार ठिकाणी लिहिलेले असते : पेजसाईझ, पेजरीजन, इमेजेबल एरिया आणि पेपर डायमेन्शन. चारही ठिकाणी सारखाच बदल करावा.

दुसरी दुरुस्ती जोडलेल्या भागांची. दोन्ही बाजूंनी छापणारा भाग यंत्राला बसवलेला असतो, पण फाईलमध्ये तो ‘नाही’ असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे तो पर्याय निवडताच येत नाही. ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ एवढा एक शब्द बदलला, की शंभर पानांचा प्रबंध पन्नास कागदांत छापून होतो.

तिसरी दुरुस्ती नावाची. मराठी पुस्तकांचा परिचित डेमी १/८ आकार साधारण साडेपाच × साडेआठ इंच, म्हणजे ३९६ × ६१२ पॉइंट. हेच माप फाईलमध्ये ‘स्टेटमेंट’ या अमेरिकी नावाने असते. आपण ते शोधत बसतो आणि सापडत नाही. तिरप्या रेघेपुढचे नाव बदलून ‘डेमी १/८’ असे लिहिता येते. त्यासाठी फाईलची लिपी-नोंद ‘यूटीएफ-८’ असावी. रेघेआधीचा शब्द मात्र यंत्रव्यवहाराचा. त्याला हात लावू नये. काही प्रोग्राम मापांची नावे स्वतःच्या यादीतून दाखवतात, तेथे हा बदल दिसणार नाही.

मर्यादा

इमेजेबल एरिया म्हणजे कागदाचा छापता येण्याजोगा भाग. डावी, खालची, उजवी व वरची कड असे चार आकडे तेथे असतात. ते वाढवून कोरा समास नाहीसा करावा, असा मोह होतो. पण फाईलमध्ये शून्य लिहिल्याने यंत्राची पोच वाढत नाही. उलट ड्रायव्हर त्या खोट्या जागेतही मजकूर पाठवतो आणि पहिल्या ओळीच्या मात्रा व वेलांट्या छाटल्या जातात. ‘शेती’ची ‘शता’ होते. देवनागरीत शिरोरेघेवरही अर्थ असतो, म्हणून आपल्याला ही चूक अधिक महाग पडते. वर्णन सुधारावे ते ते खरे करण्यासाठी.

कार्यपद्धती

मूळ फाईल जपून ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे. यादीत वेगळी ओळखू यावी म्हणून ‘निकनेम’ या ओळीतले नाव बदलावे. साधा मजकूर-संपादक वापरावा. वर्ड प्रोसेसर वळणदार अवतरणचिन्हे घालतो व फाईल बिघडते. एका वेळी एकच बदल करावा. कप्ससोबत येणाऱ्या ‘कप्सटेस्टपीपीडी’ या साधनाने फाईल तपासून मगच ती प्रिंटरला जोडावी. शेवटी एक पान छापून त्यावर पट्टी ठेवून मोजावे.

समारोप

नव्या पद्धतीत प्रिंटर आपली माहिती संगणकाला स्वतःच कळवतो आणि कप्सच्या पुढच्या पिढीतून पीपीडी वगळण्याचे ठरले आहे. तरीही धडधाकट असलेले अनेक जुने प्रिंटर याच फायलींच्या आधाराने चालू आहेत. एका चुकीच्या शब्दापायी असे यंत्र अडगळीत जाणे हा अपव्ययच होय. शब्द आणि वस्तू यांचा मेळ तपासणे हा भाषेच्या विद्यार्थ्याचा नित्याचा अभ्यास. तो येथेही उपयोगी पडतो. फरक इतकाच, की येथे आपला पाठ चुकला की नाही हे पुढच्याच कागदावर दिसते.