घरी बुलेटचं इंजिन खोलताय? आधी हा हिशेब वाचा

जुन्या कास्ट आयर्न बुलेटने धूर सोडायला सुरुवात केली, किकला दाब लागेनासा झाला, की गडचांदुरात दोनच सल्ले मिळतात. एक, चंद्रपूरला नेऊन टाका. दोन, घरीच खोला, काही अवघड नाही. दोन्ही अर्धेच खरे आहेत. खोलणं आणि बसवणं घरी जमतं. बोअर, क्रँक आणि व्हॉल्व्ह सीट ही तीन कामं मशीनची आहेत, तिथे हात आवरा. ही विभागणी पाळलीत तर मजुरी वाचते आणि इंजिनही टिकतं.

खालचे आकडे बजेट धरण्यासाठी आहेत. माल कोणता, दुकान कोणतं, यावर ते वरखाली होतील. हे सगळं ३५० सीसीच्या जुन्या इंजिनासाठी आहे: बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, ३४६ सीसी. २०१० च्या आसपासपासून आलेलं नवं, गिअरबॉक्स एकत्र असलेलं इंजिन घरी खालपर्यंत खोलू नका.

हाफ की फुल?

मेकॅनिकने ‘फुल इंजिन करावं लागेल’ म्हटलं की लगेच मान डोलावू नका. तीन गोष्टी तपासून घ्या.

निळा धूर आणि कमी दाब असेल, पण खालून आवाज नसेल, तर हाफ इंजिन: सिलिंडर, पिस्टन, रिंगा, हेड. सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड हाताने वर-खाली हलवा. उभा खेळ लागला तर बिग एंड गेलं, फुल इंजिन. बाजूला थोडं सरकणं चालतं. ऑइल काढताना त्यात धातूचा चुरा चमकला तरीही फुल इंजिनच.

हाफ इंजिनचा खर्च

रिंगांसह पिस्टन किट २,००० ते ३,५०० रुपये. बोअर आणि होनिंग ६०० ते १,०००. व्हॉल्व्ह आणि गाइड ८०० ते १,५००. सीट कटिंग, लॅपिंग ४०० ते ८००. गॅस्केट ३०० ते ६००. ऑइल ९०० ते १,३००. प्लग, पॉइंट, कंडेन्सर ३०० ते ६००. एकूण ५,३०० ते ९,३०० रुपये.

फुल इंजिनचा खर्च

वरच्या आकड्यात हे मिळवा. कनेक्टिंग रॉड किट २,००० ते ३,५००. क्रँक जोडणी आणि ट्रुइंग ८०० ते १,५००. मेन बेअरिंग १,५०० ते २,५००. सील, बुश ५०० ते १,०००. ऑइल पंप ६०० ते १,०००. क्लच प्लेटा आणि प्रायमरी चेन १,५०० ते ३,०००. सगळं मिळून बारा ते बावीस हजार.

गॅरेजमध्ये दिलंत तर हाफसाठी दीड-अडीच हजार आणि फुलसाठी चार-सहा हजार मजुरी वर. घरी केलंत तर ती वाचते, पण पहिल्या वेळी हत्यारांवर तीन-पाच हजार जातात: सॉकेट सेट, टॉर्क पाना, फिलर गेज, क्लच पुलर. जुन्या गाड्यांना काही नट इंची मापाचे असतात. मिमीचा पाना लावून कडा घासवू नका. एकदाच इंजिन करायचं असेल तर पुलर ओळखीच्या गॅरेजवरून मागून आणा.

कुठे जायचं

सिमेंट कंपन्यांमुळे गडचांदुरात फिटर-टर्नरची वाण नाही. बुश काढणं, आटे मारणं, पुलर बनवणं इथेच होतं. पण ‘लेथवर बोअर करून देतो’ म्हणणाऱ्याला सिलिंडर देऊ नका. बोअरिंग आणि होनिंगची स्वतंत्र मशीन असलेलं वर्कशॉप गाठा. त्यासाठी राजुरामार्गे चंद्रपूर, तिथे माल किंवा मशीन नसेल तर नागपूर. निघण्याआधी फोन करून विचारा: मशीन चालू आहे का, वीज आहे का, सिलिंडर आज घेऊन उद्या देणार का.

पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडरसोबत तोच द्या. बोअर नेहमी हातातल्या पिस्टनच्या मापाने होतं, डब्यावर छापलेल्या आकड्याने नाही. बोअर ट्वेंटी, फोर्टी, सिक्स्टी असं वाढत जातं, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. ट्वेंटीत भागत असेल तर फोर्टी करू देऊ नका, पुढच्या वेळची जागा जाते. दुकानात शिल्लक पिस्टन फोर्टीचाच असला की सल्लाही फोर्टीचाच मिळतो, हे लक्षात ठेवा.

छुपे खर्च

‘आता खोललंच आहे तर…’ या वाक्याने बिल फुगतं. क्लच प्लेटा, चेन, कार्ब्युरेटर, केबल सगळं एकदम बदलायचा आग्रह होतो. मोजून, पाहून, मगच हो म्हणा. जुना भाग परत मागा, तो तुमचा आहे.

डब्यावर एमआरपी असेल तर त्यात सगळे कर धरलेले असतात. त्यावर पुन्हा जीएसटी लावणारं बिल चूक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. कोणी २८ टक्के म्हणालं तर तो जुना दर झाला.

कच्च्या बिलावर पिस्टन घेऊ नका. ‘कंपनीचाच आहे, फक्त डबा नाही’ म्हणजे बहुतेकदा डुप्लिकेट. शंभर-दोनशे वाचतात आणि दोन महिन्यांत रिंग तुटली तर सिलिंडर पुन्हा बोअरला जातो. पक्कं बिल असेल तर दाद मागता येते: ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांच्या आत जा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीचं शुल्क नाही.

बसवताना चुकतं ते इथे

ऑइल पंप फिरवणारा वर्म क्रँकच्या टोकाला असतो आणि त्याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावलात की आटे गेले. टायमिंग गिअरवरच्या खुणा खोलण्याआधी मोबाइलवर टिपून घ्या. नट-बोल्ट भागागणिक वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर नाव लिहा.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी एकटी सिलिंडरमध्ये बसवा आणि तोंडातली फट फिलर गेजने पाहा. ७० मिमी बोअरला ती पाव मिलिमीटरच्या थोडी वर हवी. त्याहून कमी असेल तर तापल्यावर रिंगची टोकं भिडतात आणि पिस्टन अडकतो. टॅपेट थंड इंजिनवरच लावा: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली खडखडला नाही पाहिजे. पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी.

चालू केल्यावर लगेच हेडकडे जाणाऱ्या ऑइल नळीचा बॅन्जो बोल्ट अर्धा आटा सैल करा. ऑइल झिरपलं तर पंप चालतोय. मिनिटभरात आलं नाही तर इंजिन बंद करा, रेस करून ‘येईल’ म्हणत बसू नका.

कोणतं अपग्रेड पैसे वसूल करतं

घ्या: जुन्या फ्लोटिंग बुशऐवजी रोलर बेअरिंगचा कनेक्टिंग रॉड, खालचं काम निघालंच असेल तर. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, दोन ते चार हजार. आणि चांगला एअर फिल्टर. सिमेंट आणि कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर रोज गाडी जात असेल तर सगळ्यात मोठं अपग्रेड हेच. फिल्टर काढून कार्ब्युरेटर उघडा ठेवणारा नव्या बोअरला धूळ पाजतो.

टाळा: जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन. हवेवर थंड होणारं इंजिन आणि चंद्रपूरचा मे महिना, हे गणित जमत नाही. ३५० चं ५०० करणंही टाळा. आरसीवर ३४६ सीसी आणि खाली ४९९, हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा भंग होतो. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा गटही बदलतो: २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीला थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये, ३५० सीसीच्या वर २,८०४. अपघातानंतर कंपनी आधी आरसी पाहते. फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर बसवलात तर आवाजाच्या नियमाखाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित.

कागद

पिस्टन, रॉड, बेअरिंग बदलायला आरटीओची परवानगी लागत नाही. पूर्ण इंजिन दुसरं बसवत असाल तर ते त्याच मेकचं, त्याच प्रकारचं हवं आणि १४ दिवसांत चंद्रपूरच्या आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. जुनं इंजिन विकत घेताना विकणाऱ्याचं बिल, मूळ गाडीची आरसी आणि ओळखपत्राची प्रत घ्या. ‘नंबरचं बघून घेऊ’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका, गाडी चोरीची निघाली तर ठाण्यात तुम्ही बसाल.

इंजिन चकचकीत करायला बफिंगला देत असाल तर क्रँककेसवरच्या नंबरला टेप लावून सांगून ठेवा. तो घासला गेला तर नूतनीकरणाच्या वेळी ठसा मिळत नाही आणि गाडी अडकते.

कास्ट आयर्न बुलेट आता १५ वर्षांवरच्या, म्हणजे आरसीचं नूतनीकरण लागू. फॉर्म २५, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, चासी आणि इंजिन नंबरचा ठसा, आणि गाडी तपासणीला हजर. शुल्क: १५ ते २० वर्षांच्या दुचाकीला १,००० रुपये, २० वर्षांवरच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून २,०००. उशिराला दरमहा ३०० जादा. पर्यावरण कर वेगळा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट करासह ५३१ रुपये. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं. मुदत जवळ आली असेल तर आधी इंजिन करा, मग पीयूसी, मग आरटीओ. धूर सोडणारी गाडी तपासणीला नेऊन फेरी वाया घालवू नका. एजंट घेतलात तर सरकारी पावती वेगळी मागा, उरलेली रक्कम म्हणजे त्याची फी.

किती दिवस

हाफ इंजिन: खोलणं एक दिवस, मशीनचं काम एक ते तीन, बसवणं एक दिवस. फुल इंजिनला दोन ते तीन आठवडे धरा, कारण भाग मागवण्यातच आठवडा जातो. गाडी रोजच्या ड्युटीची असेल तर पर्यायी सोय लागल्याशिवाय पहिला नट सोडू नका.

रनिंगसाठी पहिले ५०० किलोमीटर ताशी ५० च्या आत, एकट्याने. कोरपन्याचा सपाट रस्ता चालेल, जिवतीचा घाट नको. ५०० ला ऑइल बदला, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासा. उन्हाळ्यात काम काढलंत तर रनिंग पहाटे करा, दर वीस-पंचवीस किलोमीटरला थांबून इंजिन निवू द्या.

पैसे देण्याआधी

मशीनवाल्याला शेवटची रक्कम देण्याआधी तिथेच चार गोष्टी करा. पिस्टन रिंगांशिवाय सिलिंडरमध्ये सोडा, तो अडखळता कामा नये, डुगडुगताही कामा नये. क्रँक डायल गेजवर फिरवून दाखवायला सांगा. हेड उलटं धरून व्हॉल्व्ह बसवलेल्या जागेत पेट्रोल ओता, पोर्टमधून थेंब आला तर लॅपिंग पुन्हा. बिलावर बोअरचं माप लिहून घ्या. हे नकोसं वाटणारा दुकानदार भेटला तर सिलिंडर उचला आणि दुसरं दुकान पाहा.