पुस्तक हवंय की पान?

अगं, 'मामा, इन्फ्रारेड हँडबुक कुठे मिळेल?' या प्रश्नाला उत्तर नाही. कुठलं हँडबुक? त्या नावाचं अख्खं खानदान आहे. 1965 साली अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयासाठी विल्यम वुल्फनी संपादित केलेलं 'हँडबुक ऑफ मिलिटरी इन्फ्रारेड टेक्नॉलॉजी' हा थोरला. 1978 साली वुल्फ आणि जॉर्ज झिसिस या जोडीचं 'द इन्फ्रारेड हँडबुक' आलं, 1985 साली त्याची सुधारित आवृत्ती. मग 1993 साली आठ खंडांचा मोठा संसार. विकणाऱ्याला यातला फरक ठाऊक नसतो, तो तुला हवा.

मी हे पैसे मोजून शिकलो. मला आठांपैकी दुसरा खंड हवा होता, वातावरणातून किरण कसे जातात तो. परदेशातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून पार्सल आलं, फोडून बघतो तर सातवा! शत्रूच्या यंत्रणेला चकवा कसा द्यावा, त्याचा खंड. माझं काम लांबून भट्टीचं तापमान मोजण्याचं; मी कुणाला चकवणार? परत पाठवायचा खर्च पुस्तकाहून जास्त. त्याहून वाईट म्हणजे, ते आठही खंड अमेरिकी संरक्षण खात्याच्या तांत्रिक माहिती केंद्राने, त्या 'डीटिक'ने, स्कॅन करून फुकट ठेवलेत हे मला नंतर कळलं. लष्कराच्या पैशातून झालेलं पुस्तक असलं की पाकिटाला हात लावण्याआधी डीटिक बघायचं.

शोधताना हायफन विसरू नकोस. ब्रिटिश मंडळी 'इन्फ्रा-रेड' असं तोडून लिहीत. स्मिथ, जोन्स, चॅस्मर यांचं 1957 चं ऑक्सफर्डचं पुस्तक त्याच नावाने नोंदलेलं आहे. जुन्या जर्मन लिखाणात तर 'उल्ट्रारोट' सापडतं. आयएसबीएन 1970 च्या आसपास रुळला, त्याआधीच्या पुस्तकाला तो कुठून असणार? लेखकाचं आडनाव, प्रकाशक, साल, एवढ्यावर शोध. आडनावही पहिल्याचंच टाक. 'एलिमेंट्स ऑफ इन्फ्रारेड टेक्नॉलॉजी'चे (वायली, 1962) लेखक क्रूस, मॅक्ग्लॉख्लिन आणि मॅक्क्विस्टन. यातली शेवटची दोन नावं याद्यांमध्ये कुणी नीट लिहिली असतील अशी आशा धरू नकोस.

कुठल्या ग्रंथालयात आहे ते वर्ल्डकॅटवर बघ, आपल्या विद्यापीठांसाठी इन्फ्लिबनेटची इंडकॅट यादी आहे. सापडलं की लगेच पुस्तक मागवू नको. ग्रंथपालांना अनुक्रमणिका आणि शेवटची सूची, एवढ्याचे फोटो मागायचे. दहातल्या आठ वेळा आपल्याला पुस्तक नको असतं, एक तक्ता हवा असतो. ग्रंथपालांशी ओळख ठेव, कारण कपाटं रिकामी करताना 'बाद'चा शिक्का मारून जाड पुस्तकं रद्दीत जातात, आणि रद्दीवाला ती गाइडांबरोबर किलोवर तोलतो. तशी एक प्रत मी काट्यावरूनच उचलली होती. घेण्याआधी शेवटची घडीची पानं उलगडून बघितली: आलेखांचा एक मोठा कागद कुणीतरी पट्टी लावून सफाईने फाडून नेलेला. म्हणजे कामाचं पान तेच होतं! ठेवली परत.

आता मिळालेलं पुस्तक वाचायचं कसं, हे कुणी सांगत नाही. मायक्रॉनसाठी त्यात नुसता 'म्यू' दिसेल, पुढे मीटर नाही. मिलिमायक्रॉन म्हणजे आजचा नॅनोमीटर. किरणोत्सर्जनाची अक्षरं डब्ल्यू, एन, एच असतील, तुझ्या पुस्तकात ती एम, एल, ई आहेत. अशी अदलाबदल न करता सूत्रं उतरवशील तर फसशील. 'इरट्रान 2' नावाची काच बाजारात शोधत बसू नकोस. ते कोडॅकचं नाव, माल झिंक सल्फाइडच. 1948 पूर्वीचा तक्ता असेल तर प्लांकच्या सूत्रातला दुसरा स्थिरांक तपास. 1927 च्या तापमानश्रेणीत तो 1.432 होता, 1948 ला 1.438 झाला. सोनं वितळतं त्याच्या वर भट्टी जितकी तापलेली, तितकी ही चूक अंशाअंशाने वाढते.

डिटेक्टरांची प्रकरणं बिनधास्त सोड, ती शिळी झाली. जर्मेनियमचा अपवर्तनांक मात्र तेव्हाही चारच्या आसपास होता आणि वातावरणाच्या 3 ते 5 नि 8 ते 14 मायक्रॉनच्या खिडक्याही तिथेच आहेत.

एकच पुस्तक विकत घे, रिचर्ड हडसनचं 'इन्फ्रारेड सिस्टिम इंजिनिअरिंग'. 1969 चं आहे, 2006 मध्ये पुन्हा निघालं, त्यामुळे जुन्या प्रतीला अवाच्या सवा भाव सांगणाऱ्याला नमस्कार कर. माझी प्रत मागू नकोस, मिळणार नाही. सातवा खंड हवा असेल तर आजच घेऊन जा.